सिस्टरच्या मनगटाची भरपाई कशी मोजायची?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. मी ३४ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली स्टाफ नर्स. सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला असते. पगार महिना २४ हजार. २३ ऑगस्ट २०२५ च्या रात्री एक पेशंट पुण्याला हलवायचा होता. माझी नाइट होती, म्हणून मला अ‍ॅम्ब्युलन्सबरोबर पाठवलं. खंबाटकीचा बोगदा मागे टाकून थोडं पुढे गेलो आणि आमची गाडी रस्त्यात बिनादिव्याच्या उभ्या असलेल्या कर्नाटक पासिंगच्या ट्रकवर मागून आदळली. मी त्या वेळी पेशंटची ट्यूब धरून उभी होते. माझ्या उजव्या मनगटात प्लेट टाकली आहे. मूठ पुरती वळत नाही, अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना सतत मुंग्या असतात. पोलिसांनी गुन्हा आमच्या ड्रायव्हरदादांवर नोंदवला. रुग्णालयाने ऑपरेशनचं बिल घेतलं नाही, पण चार महिने पगारही दिला नाही. आता म्हणतात, दीड लाख घ्या, ‘काही तक्रार नाही’ असं लिहून द्या आणि फेब्रुवारीपासून १४ हजारांवर बिलिंग काउंटरला बसा. ड्रायव्हरदादांना दोन लहान मुली आहेत. त्यांच्या पोटावर पाय येईल असं काही मला करायचं नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट तारखेची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. तुमच्यासाठी ती २२ फेब्रुवारीच्या आसपास संपते, म्हणजे हा अंक हातात पडेल तेव्हा दिवस थोडेच उरलेले असतील. अर्ज साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येईल. तुम्ही जिल्ह्यात राहता आणि अपघातही जिल्ह्यातच झाला. ट्रकमालक कर्नाटकातला असला तरी तुम्हाला तिकडे जावं लागणार नाही, त्यानेच साताऱ्याला यायचं.

आता कोणत्या दाराने जायचं ते पाहू. तुमच्यापुढे दोन दारं आहेत आणि कायदा एकाच दाराने आत जाऊ देतो. पहिलं दार नोकरीच्या नात्याचं. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे कामात आणि कामामुळे इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, चूक कुणाची हा प्रश्न तिथे येत नाही. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण तुमचा अपघात त्याआधीचा आहे.) दुसरं दार मोटार अपघात न्यायाधिकरणाचं. तिथे कोणत्या गाडीची चूक होती हे दाखवावं लागतं, पण रकमेला वरचं छप्पर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ सांगतं की दोन्हीकडे हक्क असला तरी भरपाई एकीकडूनच मागायची.

फरक किती पडतो ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. समजा, तुमची कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली असं ठरलं. १९२३ च्या कायद्यात महिन्याचा पगार कितीही असला तरी हिशेबाला १५ हजारच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. त्याला वयानुसार कायद्यात दिलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३४ व्या वर्षाचा गुणक १९९.४०. गुणाकार होतो १७,९४,६०० आणि त्याचे ४० टक्के ७,१७,८४०.

न्यायाधिकरणात तुमचा खरा पगार धरला जातो, २४ हजार. ठरावीक पगारावरच्या चाळिशीखालच्या माणसाला पुढच्या वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली घालून दिलं. झाले ३३,६००, वर्षाचे ४,०३,२००. ३१ ते ३५ वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाचा गुणक १६. गुणाकार ६४,५१,२०० आणि त्याचे ४० टक्के २५,८०,४८०. ही फक्त पुढच्या कमाईच्या नुकसानीची रक्कम. बुडालेला पगार, पुढचा औषधोपचार, सोसलेल्या वेदना, येण्याजाण्याचा आणि मदतनीस बाईचा खर्च, हे सगळं त्यावर वेगळं.

शिवाय परिचारिका १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या यादीत बसते का, यावर रुग्णालयाचा वकील वाद घालू शकतो. तुमच्या बाबतीत मी डोळे मिटून न्यायाधिकरणाचं दार सुचवीन. ट्रक सापडलेला आहे, नंबर आहे, विमा असणार. ट्रक पळून गेला असता तर माझं उत्तर वेगळं झालं असतं.

तुमचं प्रकरण खऱ्या अर्थाने लढायचं आहे ते मात्र त्या ‘४० टक्के’ या आकड्यावर, म्हणून तिथे जरा थांबते.

सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाकडून तुम्ही अपंगत्वाचा दाखला आणाल तेव्हा त्यावर कदाचित १८ टक्के लिहिलेलं असेल. मनगट किती अंश वळतं, पकड किती उरली, यावरून ते काढतात. विमा कंपनीचा वकील तो आकडा उचलेल आणि म्हणेल, बाईंचं नुकसान १८ टक्के, १६ च्या गुणकाने ११,६१,२१६ द्या आणि मोकळे व्हा. हे चूक आहे आणि कायद्यालाही मान्य नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे उदाहरणच दिलं आहे: डावा हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं जवळजवळ सगळं उत्पन्न जातं, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

आयसीयूतल्या सिस्टरचं उजवं मनगट काय काय करतं हे न्यायाधीशांना कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते तुमच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्या पेशंटला आयव्ही लावणं. इंजेक्शनचा अ‍ॅम्प्यूल फोडून मोजून औषध भरणं. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. सीपीआर देताना दोन्ही मनगटांवर शरीराचा भार टाकणं. बोटांना मुंग्या असतील तर नाडी लागत नाही. यातलं काय पूर्वी करत होता आणि आता काय जमत नाही, ते एका वहीत आपल्या शब्दांत उतरवून काढा. साक्षीच्या वेळी आठवायला उपयोगी पडेल. मेट्रन किंवा इन्चार्ज सिस्टर साक्षीला यायला तयार असतील तर फार चांगलं. नोकरीपायी त्या कचरतील, तर नोकरी सोडून गेलेली एखादी जुनी सहकारीण चालेल.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं म्हणजे मीडियन नर्व्ह या नसेचा भाग. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना सांगून नर्व्ह कंडक्शन टेस्ट करून घ्या आणि तो रिपोर्ट दाखल्यासाठी जाताना बरोबर ठेवा. बोर्डापुढे सांध्याची हालचाल मोजली जाते आणि नसेची इजा सुटून जाते, असं मी कितीतरी फायलींमध्ये पाहिलं आहे. पुढे प्लेट काढायची असेल तर त्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून आत्ताच लेखी घ्या. न्यायाधिकरणात नुसता दाखला पुरत नाही. तो देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी येऊन साक्ष द्यावी लागते, हेही आधीच कानावर घाला.

आणि ते बिलिंग काउंटर! रुग्णालयाला वाटतंय की तुम्हाला सांभाळून घेतलं. वस्तुतः २४ हजारांवरून १४ हजारांवर आणणं म्हणजे कमाईत जवळपास ४२ टक्के घट झाल्याची त्यांनीच दिलेली कबुली आहे. माझा ४० चा आकडा तिथूनच आला. त्यांच्याकडून लेखी घ्या: ‘मनगटाच्या इजेमुळे नर्सिंगचं काम जमत नसल्याने अमुक पदावर, अमुक पगारावर.’ तोंडी बदली स्वीकारू नका, आणि चिडून राजीनामाही देऊ नका. राजीनामा दिलात तर उद्या म्हणतील, बाईंनी स्वतःहून नोकरी सोडली.

दीड लाखांबद्दल. १९२३ च्या कायद्यात एक कलम आहे, ते प्रत्येक सिस्टरला ठाऊक असायला हवं. कलम ८ म्हणतं की स्त्री कर्मचाऱ्याला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने तिच्या हातात परस्पर द्यायची नाही, कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. कलम १७ प्रमाणे हक्क सोडून दिल्याचा करारही रद्दबातल असतो. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना बाईवर सहीसाठी कसा दबाव येतो याची कल्पना होती. तरीही सही करू नका असं म्हणते, कारण तोच कागद पुढे न्यायाधिकरणात ‘भरपाई घेऊन झाली’ म्हणून पुढे केला जाईल आणि वर्षभर त्यावरच वाद चालेल. ऑपरेशनचं बिल त्यांनी भरलं, ते तुम्ही पुन्हा मागू शकत नाही, एवढंच. त्यांच्याच कामासाठी मध्यरात्री घाटात गेलेल्या बाईचं मनगट जोडून देणं ही मेहेरबानी नव्हे.

ड्रायव्हरदादांची काळजी तुम्ही करता हे वाचून बरं वाटलं. त्यांच्यावरचा फौजदारी खटला आणि तुमचा भरपाईचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाईच्या अर्जात त्यांचं नाव येईल, नोटीस जाईल, पण पैसे द्यायची वेळ मुख्यतः गाड्यांच्या विमा कंपन्यांवर येते. कंपनी मालकाकडून किंवा चालकाकडून वसुली मागते ती लायसन्स, परमिट असलं काही नसेल तर. उलट तुम्ही खरं काय ते सांगितलंत तर दादांचंच भलं आहे: ट्रक रस्त्यात उभा होता, दिवे नव्हते, मागे त्रिकोण ठेवला नव्हता. पोलिसांनी तुमचा जबाब घेतला नसेल तर स्वतः जाऊन द्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ट्रकची जागा आणि दिव्यांविषयी काय लिहिलंय ते नक्कल काढून वाचा. एफआयआरमध्ये एकाचंच नाव आहे म्हणून न्यायाधिकरणाचे हात बांधलेले नसतात.

दोन्ही गाड्यांची थोडी थोडी चूक असेल तर आत बसलेल्या माणसाने ती वाटून मागायची गरज नाही. दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम घेता येते, मग त्यांनी आपापसात हिशेब करावा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा खेन्येई निकाल यावरच आहे. म्हणून अर्जात अ‍ॅम्ब्युलन्सचा मालक आणि विमा कंपनी, ट्रकचा मालक आणि विमा कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करा. अ‍ॅम्ब्युलन्सच्या पॉलिसीत आत बसलेल्या कर्मचाऱ्याची जोखीम कितपत घेतली आहे यावर ती कंपनी हमखास वाद घालते. ट्रकच्या कंपनीपुढे मात्र तुम्ही निव्वळ त्रयस्थ आहात, तिथे ती पळवाट नाही. तुम्ही उभ्या का होतात, असंही विचारतील. पेशंटची ट्यूब निसटली असती तर तो तिथेच गेला असता, हे उत्तर पुरेसं आहे.

पोलिसांनी अपघाताचा सविस्तर अहवाल, ज्याला डीएआर म्हणतात, ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. गेला का ते ठाण्यात विचारा. न्यायाधिकरण त्या अहवालालाच अर्ज मानू शकतं, पण तुम्ही आपला स्वतंत्र अर्ज मुदतीत टाकाच. बरोबर लागतील ते कागद: त्या रात्रीचं ड्युटी रोस्टर, पेशंटचं रेफर लेटर (त्यावर सोबतच्या नर्सचं नाव असतं), अ‍ॅम्ब्युलन्सचं लॉगबुक, पगार जमा झाल्याचं बँक पासबुक, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र, डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्स-रे. रोस्टर आणि लॉगबुकचे फोटो आजच काढून ठेवा.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. फोनवर १५१०० लावलात तरी चालेल. लोकअदालतीत तडजोडीचा निरोप आला तर उपचार पूर्ण होईपर्यंत घाई करू नका, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी एएनएम (आरोग्यसेविका) आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये लसीकरण सत्राला पाड्यावर जाताना मागून आलेल्या जीपने मला उडवलं आणि ती पळून गेली. मांडीचं हाड मोडलं. स्कूटी मिस्टरांच्या नावावर आहे. गाडीच सापडली नाही तर पैसे कुणाकडे मागायचे?

उत्तर : अज्ञात वाहनाच्या अपघातासाठी सरकारची योजना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास दोन लाख. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. अर्ज न्यायालयात करायचा नसतो. तो अपघाताच्या ठिकाणच्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. सोबत एफआयआरची नक्कल आणि दवाखान्याचे कागद. फिर्याद नोंदवली नसेल तर आधी ती नोंदवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पुढे कधी जीप सापडली तर रीतसर पूर्ण दावा करता येतो, हे ५० हजार त्यातून वळते होतात.

ही रक्कम मांडीच्या हाडापुढे काहीच नाही, मला कल्पना आहे. म्हणून तुमच्यासाठी वरच्या उत्तरातलं पहिलं दार महत्त्वाचं, नोकरीचं, म्हणजे १९२३ च्या कायद्याचं. तिथे जीपचा पत्ता लागण्याची गरज नाही, इजा कामात झाली एवढं दाखवायचं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. सत्राचा मायक्रोप्लॅन, दौरा कार्यक्रम, त्या दिवशीची लसींच्या बॉक्सची नोंद, आशाताईंचा जबाब, यावरून तुम्ही कामावर होतात हे निर्विवाद ठरतं. अर्जाची मुदत दोन वर्षांची आहे. कंत्राटी आहात म्हणून हक्क नाही असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

स्कूटीच्या विम्याबद्दल अनेक जणींचा गैरसमज असतो. पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीच्या मालक-चालकासाठी असतो. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवत होती बायको, तर तो तिला लागू होत नाही. मालकालाही तो मृत्यू किंवा हात, पाय, डोळा कायमचा जाण्यासाठी मिळतो, मोडलेल्या हाडासाठी नाही. रोज पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या एएनएम आणि आशाताईंनी स्कूटी आपल्या नावावर घ्यावी आणि वेगळी अपघात पॉलिसी काढावी, असं मी कळकळीने सांगते.

प्रश्न : नाशिकच्या एका नर्सिंग होममध्ये मी १६ हजारांवर आहे, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापतात. नाइट संपवून घरी जाताना रिक्षाला टेम्पोने धडक दिली, बरगड्या मोडल्या. मॅनेजर म्हणतात, ड्युटी संपली होती, आमचा संबंध नाही.

उत्तर : संबंध आहे. ईएसआय कायद्यात २०१० साली कलम ५१ई आलं. घरून कामावर आणि कामावरून घरी जातानाचा अपघातही, वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र १९२३ च्या कायद्यालाही लावलं, आणि तो खटला आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. खालच्या न्यायालयाने घरच्यांना ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, आणि बावीस वर्षांनी ते परत मिळाले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर ही तरतूद थेट लिहिलेली आहे.

तुम्ही नेहमीच्या रस्त्याने सरळ घरी निघाला होतात, तेव्हा धागा जुळतो. नर्सिंग होमकडून अपघाताचा अहवाल ईएसआयसीच्या शाखेत गेला का ते आधी पाहा. नसेल तर तुम्हीच तुमचा विमा क्रमांक घालून शाखा व्यवस्थापकांना लेखी कळवा. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या काळापुरते पगाराच्या सरासरीच्या ९० टक्के पैसे मिळतात. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली होती हे पाहिलं जात नाही.

ईएसआयसी घेतलंत की त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. टेम्पोवाला तुमचा मालक नव्हे, त्याच्याविरुद्धचा न्यायाधिकरणातला अर्ज खुलाच राहतो. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत तुम्हालाही आहे. तुम्ही अपघाताची तारीख लिहिली नाहीत, ती काढा आणि मोजा.